दोन महिन्यांचा आराम, सहा महिन्यांची गोळी

क्षयाचे औषध सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की बहुतेक घरांत एक प्रश्न निघतो. ताप गेला, रात्रीचा घाम थांबला, भूक लागू लागली, काट्यावर दोन किलो वाढले, थुंकीच्या तपासणीतही आता जंतू दिसत नाहीत. मग आणखी चार महिने गोळ्या कशासाठी? त्यांनी मळमळते, लघवी नारिंगी होते, आणि कामावर चार जणांना कारण सांगत बसायचे ते वेगळेच.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या पट्ट्यात हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. उल्हासनगर वसले ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले, १९४९ मध्ये गावाला आजचे नाव मिळाले, आणि पत्त्यातला कॅम्प नंबर अजून तसाच राहिला. जेमतेम तेरा चौरस किलोमीटर जागेत २०११ च्या जनगणनेने पाच लाखांहून जास्त माणसे मोजली. जीन्स शिवणारे कितीतरी कारखाने एकेका खोलीचे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत पाळीचे काम. आणि सकाळी मुंबईकडे जाणारी लोकल. खोकल्यातून हवेत उडणाऱ्या जंतूला कोंदट जागा लागते, ती इथे भरपूर आहे. शिवाय रोजंदारीच्या माणसाला बरे वाटले की तो आधी कामावर जातो, आणि काम सुरू झाले की डोस चुकू लागतात.

वरच्या प्रश्नाचे उत्तर जंतूच्या राहणीत आहे. अंगातले सगळे जंतू एकाच वेगाने मरत नाहीत. जे वाढत असतात, विभागत असतात, ते लवकर मरतात, आणि त्रासही मुख्यतः त्यांचाच असतो. काही थोडे जंतू मात्र जवळजवळ काहीच करत नसतात. औषध त्यांच्याजवळ पोचते, पण त्यांचे फारसे बिघडत नाही. खोकला गेला ही बातमी पहिल्या गटाची असते. दुसऱ्या गटाची बातमी शरीर देत नाही.

चालत्या यंत्रावरचा घाव

अँटिबायोटिक जंतूला मारते म्हणजे काय करते? पेनिसिलिन घ्या. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते १९५५ पासून बनू लागले. वाढणाऱ्या जंतूला आपली पेशीभित्तिका सतत थोडी कापावी लागते आणि कापलेल्या जागी नवे दुवे जोडावे लागतात. पेनिसिलिन हे जोडण्याचे काम बंद पाडते. कापण्याचे काम मात्र चालूच राहते, भित्तिका विरत जाते आणि जंतू फुटतो. म्हणजे शेवटचा घाव जंतूची स्वतःची वाढच घालते. वाढ थांबलेल्या जंतूत कापणेही थांबलेले असते, त्यामुळे पेनिसिलिनला बिघडवायला काही उरत नाही.

उल्हासनगरच्या कारागिराला हे पटकन पटेल. चालत्या शिलाई मशीनमध्ये खिळा पडला तर सुई तुटते, शटल अडकते, मशीन आपल्याच वेगाने मोडते. वीज गेलेली असताना तोच खिळा पडला तर काही होत नाही. वीज आल्यावर तो उचलून बाजूला ठेवला की काम सुरू.

बऱ्याच औषधांची गत अशीच आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमला चुका करायला लावतात, पण त्यांना पेशीत शिरण्यासाठी जंतूच्या पटलावरचा विद्युतभार लागतो. श्वसन मंदावले की हा भार उतरतो आणि औषध दाराबाहेरच राहते. क्विनोलोन गटातली औषधे डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला मध्येच अडकवून डीएनए तोडतात. त्यांचाही जोर वाढत्या पेशीवर अधिक.

बिगर यांचे उरलेले जंतू

हे पहिल्यांदा नीट मांडले डब्लिनचे जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी, १९४४ मध्ये. पेनिसिलिन तेव्हा नवे होते आणि त्याचा बोलबाला होता. बिगर यांनी स्टॅफिलोकॉकस जंतूंवर भरपूर पेनिसिलिन टाकले, तरी दहा लाखांत एखादा जंतू जिवंत राहिला. हे उरलेले जंतू त्यांनी पुन्हा वाढवले आणि त्यांच्या पिढीवर पुन्हा पेनिसिलिन टाकले. ती पिढी पहिल्यासारखीच मेली आणि पुन्हा तितकेच थोडे उरले.

ह्या साध्या प्रयोगात एक मोठा भेद दडलेला आहे. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूच्या जनुकांत बदल झालेला असतो, तो पुढच्या पिढीत उतरतो, आणि असा जंतू औषध असतानाही वाढतो. बिगर यांच्या जंतूंत असा बदल नव्हता. ते औषध असताना वाढत नव्हते, नुसते टिकून होते. बिगर यांचा तर्क असा की हे जंतू त्या वेळी विभागत नसावेत. त्यांना आपण चिवट जंतू म्हणू.

तर्क डोळ्यांनी पाहायला साठ वर्षे लागली. २००४ मध्ये नताली बलाबन आणि सहकाऱ्यांनी इ. कोलाय जंतू सूक्ष्म खाचांत एका ओळीत बसवले आणि एकेकाची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित केली. मग ॲम्पिसिलिन सोडले. वाढणारे फुटले. जे वाचले त्यांचे आधीचे चित्रण मागे नेऊन पाहिले तेव्हा कळले की औषध येण्यापूर्वीच ते मंद होते. औषध धुऊन काढल्यावर ते पुन्हा वाढू लागले. एकाच वंशाच्या, एकाच खाद्यावरच्या गर्दीत काही जंतू कारण नसताना मागे राहतात, आणि संकट आले की वंश त्यांच्यामुळे वाचतो. ज्या जंतूंना उपासमार, आम्ल किंवा प्राणवायूचा तुटवडा सोसावा लागतो, त्यांच्यात असे मंद जंतू कितीतरी जास्त निघतात.

जंतू थंड पडतो कसा

थंड पडणे म्हणजे नुसती धाप लागणे नव्हे; त्यासाठी पेशीत ठरलेली यंत्रणा आहे. अमिनो आम्ले संपू लागली की ती वाहून आणणारे ट्रान्सफर आरएनए रायबोसोमपाशी रिकामे पोचतात. इ. कोलायमध्ये रेल-ए नावाचे विकर हे रिकामे वाहक ओळखते आणि ग्वानोसिन टेट्राफॉस्फेट नावाचा छोटा रेणू बनवू लागते. हा रेणू आरएनए बनवणाऱ्या विकराला चिकटतो. नवे रायबोसोम बनणे थांबते, डीएनएची नक्कल मंदावते, आणि हाताशी असलेला साठा जीव राखण्याकडे वळतो. क्षयाच्या जंतूत हा रेणू बनवणे आणि मोडणे ही दोन्ही कामे रेल नावाचे एकच विकर करते. ते काढून टाकलेले जंतू उंदरांत सुरुवातीला वाढतात, पण दीर्घकाळ तग धरू शकत नाहीत, असे २००३ मध्ये दिसले.

दुसरी यंत्रणा विष आणि उतारा अशा जोड्यांची. जंतू स्वतःलाच अडवणारे एक प्रथिन बनवतो आणि त्याला निकामी ठेवणारे दुसरेही बनवतो. उतारा लवकर मोडतो, विष टिकाऊ असते. ताण आला की नवा उतारा बनत नाही, विष मोकळे होते आणि पेशीचे एखादे काम बंद पडते. १९८३ मध्ये हॅरिस मॉयेड आणि सहकाऱ्यांना इ. कोलायचा एक प्रकार मिळाला, ज्यात चिवट जंतूंचे प्रमाण नेहमीपेक्षा खूप जास्त होते. दोष हिप-ए ह्या विषाच्या जनुकात होता. पुढे कळले की हिप-ए ग्लुटामिक आम्ल वाहकावर चढवणाऱ्या विकराला बंद पाडते. वाहक रिकामा राहतो, आणि पेशीला खरी उपासमार नसतानाही उपासमारीचा इशारा मिळतो. क्षयाच्या जंतूत विष-उताऱ्याच्या अशा ऐंशीच्या आसपास जोड्या आहेत.

एकेका जोडीचा वाटा नेमका किती, हा वाद मात्र मिटलेला नाही. केन गेरडेस यांच्या गटाने इ. कोलायमधल्या दहा जोड्या एकामागून एक काढल्या की चिवट जंतू घटतात, असे २०११ मध्ये दाखवले होते. वापरलेल्या जंतूंत एका विषाणूचा शिरकाव झाला होता हे नंतर उघड झाले आणि त्या मालिकेतले निबंध २०१८ मध्ये मागे घेतले गेले. त्याच सुमारास बॉस्टनच्या किम लुईस यांच्या गटाने दुसरी बाजू पुढे आणली: कारण काहीही असो, ज्या पेशीत एटीपी, म्हणजे ऊर्जेचे चलन, उतरलेले असते ती औषधातून वाचते. हे खरे असेल तर उलटही चालायला हवे. जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने २०११ मध्ये मंद पडलेल्या इ. कोलायना मॅनिटॉलसारखी साखर दिली. श्वसन वाढले, पटलावरचा भार चढला, जेंटामायसिन आत शिरले आणि चिवट जंतू मेले. थोडे खायला घातले म्हणून मारता आले.

फुप्फुसातली गाठ

आता क्षयाच्या जंतूकडे येऊ. तो मुळातच संथ आहे. इ. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला अठरा ते चोवीस तास लागतात. श्वासातून फुप्फुसात शिरल्यावर भक्षक पेशी त्याला गिळतात आणि तो त्यांच्या आतच राहतो. शरीर त्या जागेभोवती पेशींचे कडे करते आणि गाठ तयार होते. गाठीच्या मध्यात प्राणवायू कमी, आम्ल जास्त, आणि भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइडचा मारा करतात.

जंतूकडे हे ओळखणारी डॉस-एस आणि डॉस-टी ही संवेदक प्रथिने आहेत. प्राणवायू घटला किंवा नायट्रिक ऑक्साइड आले की ती डॉस-आर ह्या नियंत्रकाला जागे करतात, आणि सुमारे पन्नास जनुके एकदम चालू होतात. जंतू यजमानाच्या पेशीतली मेदाम्ले घेऊन स्वतःत तेलाच्या थेंबांसारखी साठवतो. ही जंतूची बेगमी. लेस्टरच्या संशोधकांना २००८ मध्ये थेट रुग्णांच्या थुंकीतल्या जंतूंत असे थेंब दिसले. म्हणजे थंड पडायची तयारी झालेले जंतू खोकल्यातून बाहेरही पडत असतात.

मेदावर जगायचे तर चयापचयाची वाट बदलावी लागते. त्यासाठी आयसोसायट्रेट लायेझ हे विकर लागते. २००० मध्ये जॉन मॅकिनी यांच्या गटाने हे विकर नसलेले जंतू उंदरांना दिले. पहिले काही आठवडे ते इतरांसारखेच वाढले. नंतरच्या जुनाट टप्प्यात मात्र टिकू शकले नाहीत.

प्राणवायू नसताना श्वसन कशावर? जंतू नायट्रेटचे नायट्राइट करून थोडी ऊर्जा मिळवतो. हा धागा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत धीमान सरकार यांच्या गटाने कामाला लावला. लॉरेन्स वेन यांनी १९९० च्या दशकात बसवलेली पद्धत अशी: जंतू बंद नळीत हळूहळू ढवळत ठेवायचे, ते आतला प्राणवायू स्वतःच संपवतात आणि टप्प्याटप्प्याने थंड पडतात. अशा जंतूंवर आयसोनियाझिड ह्या क्षयावरच्या औषधाचा जवळजवळ परिणाम होत नाही. पुण्याच्या गटाने ह्या अवस्थेत नायट्रेट वापरणाऱ्या विकराची हालचाल मोजली आणि २००८ मध्ये त्यावर चाचणी बसवली. एखादा पदार्थ नुसत्या वाढत्या जंतूवर चालतो की सुप्त जंतूवरही, हे तिने कळते. औषध शोधताना वाढणारे जंतू हाताळणे सोपे असते, म्हणून जुनी औषधे बहुतेक त्यांच्यावरच पारखली गेली. अडचण सुप्त जंतूंची होती.

कोणती गोळी कोणासाठी

लंडनचे डेनिस मिचिसन मद्रासच्या १९५६ पासूनच्या क्षय-अभ्यासातही सहभागी होते. १९७९ मध्ये त्यांनी रुग्णाच्या शरीरातल्या जंतूंचे चार गट कल्पिले. आजची उपचारपद्धती त्या विचाराशी जुळते.

पहिला गट जोमाने वाढणाऱ्यांचा. त्यांच्यावर आयसोनियाझिड. ते भित्तिकेतली मायकोलिक आम्ले बनू देत नाही, आणि पहिल्या काही दिवसांत थुंकीतले जंतू झपाट्याने उतरतात ते मुख्यतः त्याच्यामुळे. खोकला इथेच कमी होऊ लागतो.

दुसरा गट आम्लात मंदपणे जगणाऱ्यांचा. त्यांच्यावर पायराझिनामाइड. जंतूच्या आत त्याचे पायराझिनॉइक आम्ल होते, आणि बाहेर आम्लता असेल तरच ते आत साचून ऊर्जेची व्यवस्था बिघडवते. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या खाद्यावर हे औषध जवळजवळ निरुपयोगी दिसते. शरीरात मात्र त्याच्यामुळे उपचार आखूड झाला.

तिसरा गट बराच काळ स्वस्थ राहून मधूनच थोडा वेळ जागणाऱ्यांचा. त्यांच्यावर रिफाम्पिसिन. जनुकाची नक्कल काढायला जंतूने नुकतीच सुरुवात केली की ते तिथेच अडवते, म्हणून थोडक्या जागेपणातही पकडते. लघवी नारिंगी करणारे औषध ते हेच.

चौथा गट पूर्ण सुप्त जंतूंचा. त्यांच्यावर मिचिसन यांच्या यादीत औषधच नव्हते. ते कधीतरी जागतील तेव्हा औषध रक्तात हवे, किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्यांना आवरावे, एवढीच सोय होती.

सरकारी उपचारात पहिले दोन महिने ही तीन औषधे आणि एथॅम्ब्युटोल अशी चार औषधे एकाच गोळीत असतात. गोळ्या किती ते वजनावर ठरते. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. दोन महिन्यांपुढे ते चालू ठेवून फारसा फायदा होत नाही, असे चाचण्यांत आढळले होते. राहिलेले चार महिने मुख्यतः अधूनमधून जागणाऱ्यांची वाट पाहण्याचे असतात.

म्हणून डोस चुकण्याचा अर्थही बदलतो. जंतू कोणत्या दिवशी जागेल हे ठरलेले नसते. त्या दिवशी रक्तात औषध नसेल तर त्याला वाढायला मोकळीक मिळते. आपल्याकडे बरीच वर्षे आठवड्यातून तीनदा औषध दिले जाई. रोजच्या औषधाची पद्धत २०१७ मध्ये आली, आणि सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता.

सहा हा आकडा आला कुठून

हा आकडा रोग किती वेळा उलटतो हे मोजून ठरला. १९७२ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचण्या केल्या. तोपर्यंत उपचार दीड वर्ष चाले. आयसोनियाझिड आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला रिफाम्पिसिन किंवा पायराझिनामाइड दिले तर सहा महिने पुरतात. नुसती जुनी दोन औषधे सहा महिन्यांवर थांबवली तर रोग पुष्कळदा उलटतो, असे निघाले. थुंकी बहुतेक सगळ्यांचीच निवळली होती. फरक पडला तो मागे उरलेल्या जंतूंमुळे.

हाच धडा २०१४ मध्ये पुन्हा मिळाला. नेहमीच्या औषधांपैकी एकाच्या जागी मॉक्सिफ्लॉक्सासिन घालून चार महिन्यांत उपचार संपवण्याची मोठी चाचणी झाली. थुंकी नेहमीपेक्षा लवकर निवळली. पण अखेरच्या हिशेबात सहा महिन्यांच्या उपचाराने ९२ टक्के रुग्ण बरे राहिले आणि चार महिन्यांच्या दोन प्रकारांत ८५ व ८० टक्के. जागे जंतू लवकर मेले म्हणून सुप्त जंतू लवकर मरत नाहीत. २०२१ मध्ये मात्र रिफाम्पिसिनचा दीर्घकाळ टिकणारा भाऊबंद रिफापेन्टिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेली चार महिन्यांची पद्धत सहा महिन्यांच्या तोडीची ठरली.

जेव्हा जंतू औषधांना दाद देत नाही तेव्हाही हाच विचार उपयोगी पडला. बेडाक्विलिन एटीपी बनवणाऱ्या विकरालाच बंद पाडते. सुप्त जंतूलाही जिवंत राहायला थोडे एटीपी लागतेच. प्रेटोमॅनिड प्राणवायूविना पडून असलेल्या जंतूत नायट्रिक ऑक्साइड सोडून त्याचे श्वसन मोडते. ही दोन औषधे, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला भारतात २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी असा उपचार अनेकदा दीड वर्षापलीकडे जाई.

अर्धवट उपचारातून पुढे

चिवट जंतू आणि दाद न देणारे जंतू वेगळे खरे, पण एकातून दुसऱ्याकडे वाट जाते. बलाबन यांच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवले की अँटिबायोटिकच्या पुन्हापुन्हा मिळणाऱ्या डोसांत आधी टिकाव धरण्याची क्षमता येते आणि नंतर जनुकीय प्रतिरोध. जो जंतू मरत नाही त्याच्या वंशाला चुका करायला, म्हणजे जनुके बदलायला, वेळ मिळतो. गोळ्या आठवडाभर घेऊन महिनाभर सोडणे, मग त्रास झाला की पुन्हा घेणे, ही त्याला दिलेली सवड आहे. मेडिकलवरून आणलेली लेव्होफ्लॉक्सासिनची पाच दिवसांची पट्टीही घातकच. तिने क्षयाचा खोकला थोडा दबतो, निदान लांबते, आणि पुढे उपयोगी पडणारे औषध बोथट व्हायची भीती राहते.

मग खोकला थांबल्यावर गोळी थांबवावी की नाही, ह्याचे उत्तर थुंकीच्या एका तपासणीत मिळत नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावरही पूर्ण मिळत नाही, कारण उरलेला एखादा सुप्त जंतू दिसणारी चाचणी दवाखान्यात नाही. रोग उलटलाच तर बहुतेक वेळा उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षात उलटतो. म्हणूनच राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात उपचारानंतर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी पुन्हा बोलावतात. खोकला नसला तरी, वजन नीट असले तरी त्या चार फेऱ्या चुकवू नयेत, आणि एखादा डोस राहिला तर गप्प न बसता केंद्रावर सांगावे. खर्च काही नाही, आणि सहा महिने घेतलेल्या गोळ्या कामी आल्या की नाही हे त्या फेऱ्यांतच कळते.